अंधार, डिझेल आणि ऊन : आपल्या सोसायटीच्या विजेची पंचवीस वर्षे



स्मरणिका समितीने मला विषय दिला होता ‘सोसायटीची आर्थिक वाटचाल’. बँकेत माझी अडतीस वर्षे गेली आणि इथे सहा वर्षे मी खजिनदार होतो, तेव्हा तो विषय माझ्या गळ्यात पडणं साहजिकच होतं. पण सभावृत्तांताच्या जुन्या वह्या काढून बसलो आणि लक्षात आलं, की पंचवीस वर्षांत सर्वांत जास्त पानं, सर्वांत मोठी भांडणं आणि सर्वांत मोठे खर्च एकाच गोष्टीवर झालेत. ती म्हणजे वीज. म्हणून समितीची परवानगी घेऊन विषय थोडा वळवला आहे. हिशोब यातही आहेच, काळजी नको.

आपल्या मीटर रूममधल्या नव्या पॅनेलवर तीन छोटे दिवे आहेत. एकाखाली लिहिलंय ‘महावितरण’, दुसऱ्याखाली ‘बॅटरी’, तिसऱ्याखाली ‘जनरेटर’. एका वेळी यातला एकच दिवा लागतो. जाता-येता आपण तिकडे बघतही नाही. पण ‘एका वेळी एकच’ या तीन शब्दांपर्यंत पोचायला आपल्याला जवळजवळ अठरा वर्षं लागली. त्याची ही हकिगत.

आधी थोडं मागे जाऊ

आपल्या भागात वीज आधी आली ती रेल्वेच्या तारांमधून. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईला पहिली लोकल गेली ती वाफेच्या इंजिनावर. कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी १९२८ साली सुरू झाली आणि १९३६ मध्ये विजेच्या तारा विरारपर्यंत आल्या. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून मुंबईला वीज देत होतंच. म्हणजे रुळांवरून विजेची गाडी धडाधड जात होती आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना वसईच्या वाड्यांमध्ये कंदील जळत होते.

वाडीवाल्यांचं काम विजेवाचून अडत नव्हतं. बावखलाचं आणि विहिरीचं पाणी रहाटाने वर यायचं, बैल किंवा रेडा गोल फिरायचा, केळी-पानवेलींना पाणी मिळायचं. पुढे रहाटाच्या जागी डिझेल इंजिन आलं. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली आणि तिची इंजिनं महाराष्ट्रभर विहिरींवर धडधडू लागली. वसईतल्या जुन्या माणसांना त्या इंजिनाचा ‘टुक टुक टुक’ आवाज अजून आठवतो. म्हणजे स्वतःची शक्ती स्वतः निर्माण करायची ही कल्पना या मातीत नवी नाही. आपण फ्लॅटवाले ती उशिरा शिकलो.

२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. त्याचे तुकडे होऊन ६ जून २००५ रोजी महावितरण कंपनी झाली. आपली सोसायटी नोंदली गेली २००० साली, म्हणजे पहिली पाच वर्षं आपण ‘एमएसईबी’चे ग्राहक होतो. अजूनही आपल्यातले निम्मे लोक बिलाला ‘एमएसईबीचं बिल’च म्हणतात.

लोडशेडिंगचे दिवस

२००० साली आपण इथे राहायला आलो तेव्हा मोठी चिंता पाण्याची होती, विजेची नव्हती. टँकरची वाट बघण्यात सकाळ जायची. लाइट जायची, पण यायची.

मग हळूहळू राज्यातच वीज कमी पडू लागली. मागणी वाढत होती आणि नवीन केंद्रं उभी राहत नव्हती. दाभोळचा मोठा प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. २००५ च्या उन्हाळ्यापासून भारनियमन हा शब्द पोरांच्या तोंडी बसला. मुंबई शहरात लाइट जात नव्हती. दहिसरचा नाका ओलांडला, खाडीचा पूल ओलांडला, की अंधार. संध्याकाळी चर्चगेटहून गाडीत बसलेला माणूस भाईंदरची खाडी आली की खिडकीतून बघायचा, आज आपल्या बाजूला दिवे आहेत की नाहीत.

पुढे महावितरणने फीडरचे गट पाडले. ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी जास्त, तिथे अंधाराचे तास जास्त. बँकवाल्याला हे तत्त्व पटण्यासारखं होतं, पण वेळेवर बिल भरणारा शेजाऱ्याच्या थकबाकीपायी अंधारात बसायचा, हेही खरं. घरोघरी इन्व्हर्टर आले. दर महिन्याला बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणं हे नवऱ्यांचं नवं काम झालं. पण इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूबलाइट चालते, लिफ्ट चालत नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप चालत नाही. सात मजले, दोन विंग, छप्पन फ्लॅट. सातव्या मजल्यावरच्या आजी एप्रिल-मे महिन्यात खाली उतरतच नसत. पाणी आणि लाइट एकाच वेळी आली पाहिजे यासाठी सेक्रेटरी कॅलेंडरवर दोन रंगांच्या खुणा करून ठेवायचे.

त्याच काळात पुण्याला माझ्या बहिणीकडे गेलो होतो. तिथे २००६ च्या जूनपासून वेगळाच प्रयोग चालू झाला होता. पुण्यातल्या कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवायचे, म्हणजे तेवढा ग्रिडवरचा भार कमी होईल आणि वाचलेली वीज शहराला मिळेल. जास्तीचा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांकडून थोडा थोडा घ्यायचा. वीज नियामक आयोगाने त्याला मान्यता दिली होती. बहीण म्हणाली, “आमच्याकडे आता लाइट जात नाही.” मला त्यातली दुसरी गोष्ट भावली. जनरेटर ही फक्त ज्याची त्याची सोय न राहता, नीट ठरवलं तर सगळ्यांच्या उपयोगी पडू शकते. परत आल्यावर मी कमिटीत विषय काढला.

जनरेटर आला

२००६ ची वार्षिक सभा रात्री साडेबारापर्यंत चालली. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या सभासदांचं म्हणणं, “आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही पैसे का द्यायचे?” वरच्यांचं म्हणणं, “पाणी तर सगळ्यांनाच लागतं ना?” शेवटी हाच मुद्दा चालला. जनरेटर पंपासाठी आहे, लिफ्ट त्याच्याबरोबर चालेल, म्हणून वर्गणी सर्वांना समान. कोणीतरी म्हणालं, सिंकिंग फंडातून घ्या. तिथे मात्र मी उभा राहिलो. तो पैसा इमारत म्हातारी होईल तेव्हाचा आहे, त्याला आज हात लावायचा नाही. तेव्हा काही जण माझ्यावर रागावले. २०१९ मध्ये स्लॅब आणि गळतीची मोठी दुरुस्ती निघाली तेव्हा तेच लोक “बरं झालं” म्हणाले.

फेब्रुवारी २००७ मध्ये ३० केव्हीएचा जनरेटर गेटजवळच्या भिंतीलगत बसला. लिफ्टची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून मशीन एवढं मोठं. इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरच्या कार्यालयातून परवानगी घेतली. तोपर्यंत आवाजाचा नियमही लागू झालेला होता. बंद पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज नको. तरी शेजारच्या इमारतीतून पहिल्या आठवड्यात दोन तक्रारी आल्याच.

वापरायची पद्धत साधी होती. लाइट गेली की वॉचमनने मीटर रूममध्ये जाऊन चेंजओव्हरचा मोठा दांडा एका बाजूकडून दुसरीकडे टाकायचा, मग इंजिन चालू करायचं. हा दांडा म्हणजे सगळ्या सुरक्षेचं मूळ. तो एकतर महावितरणकडे असतो, नाहीतर जनरेटरकडे. दोन्हीकडे एकदम जाऊच शकत नाही.

याचं महत्त्व मला आधीच डोळ्यांनी दिसलं होतं. २००६ च्या पावसाळ्यात जवळच्या एका घरी भाड्याचा छोटा जनरेटर आणला होता. चेंजओव्हर नव्हताच. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून ती सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसली आणि मेन स्विच बंद करायला विसरले. घरातले दिवे लागले. पण तीच वीज मीटरमधून उलटी बाहेर गेली. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो, हजारो व्होल्टचे २३० करतो तसे २३० चे परत हजारो व्होल्टही करतो. खांबावर चढलेला वायरमन लाइन बंद आहे असं समजून काम करत होता. झटका बसून तो खाली पडला. हात मोडला, जीव वाचला. त्याला रिक्षात घालताना मी तिथे होतो. जनरेटरच्या ठरावात “चेंजओव्हरशिवाय मशीन घेऊ नये” हे वाक्य मी हट्टाने घातलं ते त्यामुळे. वहीत आजही वाचता येईल.

पूर आणि सोलार

२०१२ नंतर लोडशेडिंग जवळजवळ संपलं. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झालेलीच होती, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, नवीन टॉवर उभे राहिले. आणि आपला जनरेटर? तो कोपऱ्यात गप्प बसला. आपण त्याला विसरलो.

जुलै २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यातला पाऊस सगळ्यांना आठवत असेल. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली, गाड्या बंद, मिठागरांत माणसं अडकलेली, वसई पाण्यात आणि अंधारात. आपल्या आवारात कमरेएवढं पाणी. ज्या दिवसासाठी जनरेटर घेतला होता तो दिवस आला तेव्हा जनरेटरच पाण्याखाली होता. जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर बसवलेला. दोन दिवसांनी पाणी ओसरल्यावर उघडला, तर आत चिखल. दुरुस्तीला जे पैसे लागले त्यात दहा वर्षांचा देखभाल करार झाला असता. हा धडा लिहून ठेवण्यासारखा आहे. संकटासाठी घेतलेली वस्तू संकटाच्या पातळीच्या वर ठेवावी. आता तो चार फुटांच्या चौथऱ्यावर आहे.

२०१९ मध्ये गच्चीवर सोलार आला. राज्यात नेट मीटरिंगचे नियम २०१५ सालीच झाले होते. दिवसा जास्त झालेली वीज महावितरणला द्यायची, रात्री परत घ्यायची, बिल फरकाचं. १५ किलोवॅटचे पॅनेल, साधारण दीड हजार चौरस फूट गच्ची. एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरा, म्हणजे साठ युनिट. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. कॉमन मीटरचं पहिलं बिल आलं ते मी चष्मा पुसून तीनदा वाचलं.

तेव्हा सगळ्यांची एक समजूत झाली. “आता लाइट गेली तरी दिवसा फिकीर नाही, आपल्या डोक्यावर वीज तयार होते.” ही समजूत चुकीची आहे हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

१७ मे २०२१

तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्यापासून पुढे गुजरातकडे गेलं तो सोमवार. करोनाची दुसरी लाट चालू होती. सौ. आजारी होती. बेड मिळत नव्हता, म्हणून डॉक्टरांनी फोनवर सांगितलेल्या प्रमाणे घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलेला. आपल्या सोसायटीत त्या दिवशी अशी तीन घरं होती.

सकाळी वाऱ्याने झाडं कोसळायला लागली आणि लाइट गेली. कॉन्सन्ट्रेटरला साधारण ३५० वॅट लागतात. आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी १५० अँपिअर-अवर, १२ व्होल्टची. गुणाकार १८०० येतो. त्यातून इन्व्हर्टरचा तोटा आणि बॅटरीचं वय वजा केलं, तर हाती राहिले तीन-साडेतीन तास. आयुष्यभर व्याजाचे हिशोब केले, पण इतक्या भीतीने भागाकार कधी केला नव्हता.

जनरेटर चालू झाला. पण त्याची वायर फक्त लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांपर्यंत. बी विंगमधल्या एका तरुण इलेक्ट्रिकल इंजिनिअर सभासदाने जिन्यातल्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन ओढून तिन्ही घरांत वीज पोचवली. रात्रभर ३० केव्हीएचं ते धूड दीड किलोवॅटसाठी धडधडत होतं. एवढ्या कमी लोडवर डिझेल इंजिन चालवणं त्याला मानवत नाही. डिझेल नीट जळत नाही, काळा धूर येतो, आत काजळी धरते. तासाला दोन लिटर डिझेल मात्र जातंच. पहाटे टाकीचा तळ दिसायला लागला तेव्हा दोन मुलं पडलेल्या झाडांतून वाट काढत कॅन घेऊन पंपावर गेली. आली तेव्हा टाकीत जेमतेम अर्ध्या तासाचं डिझेल उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढग फाटले आणि ऊन पडलं. गच्चीवर पंधरा किलोवॅटचे पॅनेल चकाकत होते आणि त्यांच्या मीटरवर शून्य.

ग्रिडला जोडलेला सोलार स्वतःच्या तालावर चालत नाही. तो ग्रिडचा ठेका ऐकून त्याच्याबरोबर चालतो. ग्रिड बंद पडला की दोन सेकंदांच्या आत त्याने बंद व्हायचं, असा नियमच आहे. कारण तोच, २००६ चा खांबावरचा वायरमन. बंद लाइनवर कुठल्या तरी गच्चीतून वीज येत राहिली तर त्याचा जीव जाईल. याला आयलंडिंग टाळणं म्हणतात. आपल्या खाडीतल्या पाणजूसारखं, सगळीकडे पाणी आणि मध्येच एक जिवंत बेट, असं विजेचं होऊ द्यायचं नाही. गंमत म्हणजे मुंबई शहरासाठी उलट व्यवस्था आहे. बाहेरचा ग्रिड कोसळला तर मुंबईचं बेट वेगळं होऊन चालत राहावं म्हणून १९८१ पासून तिथे आयलंडिंगची योजना आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी तीही तोकडी पडली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. बेट करणं किंवा न करणं, दोन्ही विचारपूर्वक करायच्या गोष्टी आहेत.

त्या दुपारी कमिटीतले एक जण काकुळतीला येऊन म्हणाले, “जनरेटर चालू आहे ना? मग त्याच्यावरच सोलार जोडून टाका. सोलारला वाटेल ग्रिड आला. डिझेल वाचेल.” मलाही ते पटलं होतं. त्या इंजिनिअरने दांड्यासमोर उभं राहून नाही म्हटलं. त्याने जे समजावलं ते मी त्याच रात्री वहीत लिहिलं.

सोलार जोडला तर तो खरंच चालू होईल. पण वीज किती बनवायची ते सूर्य ठरवणार. समजा दहा किलोवॅट बनले आणि वापर दीडच आहे, तर उरलेले साडेआठ जाणार कुठे? महावितरण असतं तर शेजारपाजारी गेले असते. इथे ते सरळ जनरेटरमध्ये घुसणार. जनरेटर वीज द्यायला केलाय, घ्यायला नाही. विजेच्या धक्क्याने इंजिनच उलट ढकललं जाईल, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी चढेल, मशीन ट्रिप होईल किंवा जळेल. आणि जनरेटर गेला तर तीन घरांतले तीन कॉन्सन्ट्रेटर गेले.

सोलार जोडला नाही. डिझेलवरच काढलं. त्या रात्री उशिरा लाइट आली.

तिघांपैकी एक गृहस्थ पुढच्या आठवड्यात रुग्णालयात गेले ते परत आले नाहीत. त्याचा विजेशी संबंध नव्हता. पण त्यांच्या मुलाने नंतर मला विचारलं, “काका, डोक्यावर ऊन असताना आपण डिझेलसाठी पळत होतो, हे बरोबर आहे का?” या प्रश्नाचं उत्तर द्यायला सोसायटीला तीन वर्षं लागली.

तिघांचा संसार

२०२२ च्या विशेष सभेत ठराव झाला आणि २०२४ मध्ये काम पूर्ण झालं. आपण घेतलं ते एवढंच : २० युनिट साठवणारी लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी आणि एक हायब्रिड इन्व्हर्टर. पण खरं काम होतं ते आधीच्या दोघांशी त्यांची सोयरीक जुळवण्याचं. ते असं.

पहिलं, कॉमन पॅनेलचे दोन भाग केले. एक अत्यावश्यक : प्रत्येक विंगची एक लिफ्ट, पंप, जिना आणि प्रत्येक मजल्यावर एक लाल सॉकेट, फक्त आजारी माणसाच्या यंत्रासाठी. बाकी सगळं दुसऱ्या भागात. आणीबाणीत फक्त पहिला भाग जिवंत राहतो.

दुसरं, लाइट गेली की हायब्रिड इन्व्हर्टर आधी महावितरणपासून स्वतःला तोडून घेतो आणि मग आपलं छोटं बेट चालू करतो. आता ठेका तो देतो आणि गच्चीवरचा जुना सोलार त्याच्या तालावर चालायला लागतो. जास्तीची वीज बॅटरीत जाते. बॅटरी भरली की इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी ५० च्या जराशी वर नेतो. सोलारला तो इशारा समजतो आणि तो हात आखडता घेतो. बोलणं नाही, तार नाही, फक्त ठेका थोडा वाढवायचा.

तिसरं, जनरेटर. पावसात दोन-दोन दिवस ऊन नसतं, बॅटरी उतरते. ती २० टक्क्यांवर आली की इन्व्हर्टरच जनरेटरला चालू होण्याचा इशारा देतो. पण जनरेटरच्या इंजिनाला तो फ्रिक्वेन्सीचा इशारा देता येत नाही, त्याचा ठेका ठरलेला. म्हणून जनरेटर आला की जुना सोलार आपोआप तोडला जातो. तोक्तेच्या दुपारी त्या मुलाने हाताने जे अडवलं, ते आता कॉन्टॅक्टर करतो.

पहिल्या चाचणीला फजिती झाली. जनरेटर चालू झाला, पण इन्व्हर्टर त्याला आत घेईना. लिफ्ट सुरू झाली की इंजिन दबायचं, फ्रिक्वेन्सी खाली यायची आणि इन्व्हर्टर म्हणायचा, ही वीज मला चालत नाही. दोन रविवार गेले. शेवटी गव्हर्नर दुरुस्त केला, इन्व्हर्टरची जनरेटरकडच्या बाजूची मर्यादा थोडी सैल केली आणि बॅटरी चार्ज करण्याचा वेग कमी केला. महावितरणच्या बाजूच्या मर्यादा नियमाने ठरलेल्या असतात, त्यांना हात लावला नाही. न्यूट्रलचाही घोळ होता. जनरेटरचा न्यूट्रल आणि महावितरणचा न्यूट्रल एकदम जोडलेला राहू नये म्हणून चार पोलचा चेंजओव्हर बसवला. आधीचा तीन पोलचा होता.

आता हिशोब. आपला जनरेटर २४ किलोवॅट देऊ शकतो. लिफ्ट आणि पंपाला दहा-बारा लागतात, तेव्हा बॅटरीला आठ किलोवॅटने चार्ज करतो. वीस टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत म्हणजे १४ युनिट, पावणेदोन तास. मग इंजिन बंद. तौक्तेच्या रात्रीएवढा दीड किलोवॅटचा वापर धरला तर ते १४ युनिट नऊ तास पुरतात. ऊन असेल तर जनरेटर लागतही नाही. तेव्हा आपण इंजिन जवळजवळ छत्तीस तास अखंड चालवलं होतं. आता तेवढ्याच काळात सात तासांच्या आत भागेल. डिझेलच्या एका लिटरमधून जास्तीत जास्त तीन-साडेतीन युनिट निघतात आणि लिटरचा भाव नव्वदच्या आसपास आहे. कमी लोडवर तर एका लिटरला एक युनिटही धड मिळत नव्हतं. प्रत्येकाने आपापला भागाकार करावा.

बाहेरचे वाचक असतील त्यांच्यासाठी एक माहिती. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. ते सोलारला आहे, बॅटरीला नाही. आपला सोलार आधीच बसलेला होता, त्यामुळे आपल्याला मिळालं नाही. नवीन करणाऱ्यांनी मात्र सोडू नये. आणि कोटेशन मागताना पहिला प्रश्न विचारावा, “लाइट गेल्यावर काय होईल?” आम्ही तो २०१९ मध्ये विचारला नव्हता.

दोन चाव्या

बँकेत स्ट्राँग रूम एका माणसाला उघडता येत नाही. दोन अधिकारी, दोन चाव्या. नवीन माणसाला वाटतं हा अविश्वास आहे. तसं नाही, माणूस दमतो, घाबरतो, घाईत असतो, म्हणून ती सोय आहे. आपल्या पॅनेलमधल्या इंटरलॉकचं तेच. तौक्तेच्या दुपारी मी घाबरलेला होतो, आणि मला चूक उत्तर बरोबर वाटत होतं. समोर तो मुलगा नसता तर मीच दांडा ओढला असता. प्रत्येक वेळी असा शहाणा माणूस हजर असेलच असं नाही, म्हणून ते शहाणपण लोखंडात बसवून ठेवायचं.

पण लोखंडालाही माणूस लागतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला दहा मिनिटं मेन बंद करून सगळ्याची चाचणी घ्यायची असं ठरलं आहे. वही पाहिली तर गेल्या वर्षी तीन महिने ती झालेली नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, ‘लिफ्ट बंद होते म्हणून सभासदांची तक्रार’. सभासदहो, २०१२ ते २०१८ आपण हेच केलं होतं. पुढे काय झालं ते वर लिहिलंच आहे. दुसरं, कुठल्या घरी यंत्रावर असलेला माणूस आहे याची यादी मीटर रूमच्या दारामागे लावलेली आहे. ती दर सहा महिन्यांनी नवीन करायची आहे. सध्याच्या यादीत दोन नावं अशी आहेत जी आता आपल्यात नाहीत, आणि एक नवीन नाव घालायचं राहिलं आहे. मी सेक्रेटरींना सांगितलं आहे.

ज्यांनी जनरेटरच्या वर्गणीला विरोध केला आणि तरी पहिल्या आठवड्यात चेक दिला, ज्यांनी पहाटे झाडांखालून डिझेल आणलं, ज्यांनी दांड्यासमोर उभं राहून नाही म्हटलं, त्या सर्वांचा हा इतिहास आहे. नावं घालू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलं, म्हणून घातली नाहीत. ती वहीत आहेत.

हा लेख सौ.ने वाचला. म्हणाली, “एवढं सगळं लिहिलंत, पण तुम्ही त्या रात्री दर पंधरा मिनिटांनी खाली जाऊन डिझेल बघत होतात, ते नाही लिहिलंत.” तेव्हा तेही लिहून टाकतो. बघत होतो.

पुढच्या रविवारी अकरा वाजता मीटर रूममध्ये भेटू. दहाच मिनिटं लागतील.